स्फुरदाचा हिरवा

काही वर्षांपूर्वी गड्डा यात्रेत, होम मैदानाच्या कडेला चादर अंथरून बसलेल्या एका अंगठीवाल्याकडून मी पिरोजा घेतला. पाचशे म्हणाला, दीडशेला दिला. तेव्हाच समजायला हवे होते. दगड मात्र डोळ्यांत भरणारा: निळा-हिरवा, वर काळ्या शिरांची जाळी. घरी आल्यावर पुतणीने अंगठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि काही न बोलता नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून दगडावर फिरवला. कापूस निळा झाला. आणखी चार वेळा फिरवल्यावर दगड पांढरा पडला आणि शिरा तेवढ्या राखाडी राहिल्या. "काका, हा तर खडू निघाला," ती म्हणाली. खडू नव्हे, हाउलाइट. तो टंकणखाराच्या जातीतला पांढरा, सच्छिद्र दगड. रंग चांगला पितो, म्हणून जगभर पिरोजा म्हणून खपतो.

उभा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेला आणि तरी फसलो, याचे वाईट वाटलेच. पण त्याहून जास्त एक प्रश्न मागे लागला. खरा पिरोजा असता, तर त्यात असे काय असते की जे या पांढऱ्या दगडात नाही? उत्तर शोधता शोधता जी टिपणे झाली त्यांतून हे पुस्तक आले आहे. विषय हिरव्या आणि हिरवट-निळ्या फॉस्फेट खनिजांचा, म्हणजे पिरोजा, व्हॅरिसाइट, हिरवा अ‍ॅपटाइट यांचा. माणसाने त्यांचे मणी कधीपासून केले, कुठून खणले, कुठवर नेले, आणि त्यांना काय काय नावे दिली. शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण या दगडांच्या बाबतीत नाव आणि दगड यांची गाठ फार सैल आहे. माणसे रंगाला नाव देतात आणि ते नाव पुढे ज्या वस्तूवर बसेल त्या वस्तूचे होते.

'फॉस्फेट' म्हटले की सोलापूरकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे दागिना येत नाही, पोते येते. मृगाच्या तोंडावर मार्केट यार्डात उभे राहिले की 'सिंगल सुपर'च्या गोण्या उतरताना दिसतात, त्यावर १६ टक्के छापलेले असते. नत्र, स्फुरद, पालाश या त्रिकुटातले हे स्फुरद. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात टाकलेले बरेचसे स्फुरद पिकाला मिळायच्या आत चुन्याशी जखडले जाते, ही शेतकऱ्याची जुनी तक्रार. रसायनाच्या भाषेत त्याचा अर्थ असा की ते हळूहळू अ‍ॅपटाइटच्या रूपाकडे सरकते. म्हणजे माढ्या-मोहोळच्या रानात फॉस्फेटचे खनिज तयार होतच असते, फक्त ते कुणाला दिसत नाही आणि हिरवेही नसते.

दुसरा अ‍ॅपटाइट आपल्या तोंडात आहे. दातांचे कवच आणि हाडांचा कठीण भाग याच कुळातला. जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर याने १७८६ मध्ये या खनिजाला नाव देताना 'फसवणे' या अर्थाचा ग्रीक शब्द निवडला, कारण त्याचे हिरवे स्फटिक पाहून भलेभले त्याला दुसरेच रत्न समजत. होम मैदानावर फसलेल्या माणसाला यातून जरा दिलासा मिळतो.

दात आणि मणी यांचे नाते याहून जवळचे आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे नवाश्मयुगातल्या थडग्यांत मृतांच्या अंगावर पिरोज्याचे मणी मिळाले. त्याच जागी नऊ माणसांच्या अकरा दाढा अशा मिळाल्या की त्यांत जाणूनबुजून भोके पाडलेली आहेत. काळ ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा. माणसे त्यानंतरही जगली, कारण भोकांच्या कडा चावून चावून झिजलेल्या आहेत. हे भोक गारेच्या टोकाच्या सामत्याने पाडले असावे आणि ते कसब मणी विंधणाऱ्या कारागिरांचे असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. क्षणभर विचार करा: एकाच हाताने, एकाच टोकाने, एका स्फुरदाच्या वस्तूत वेज पाडला तो गळ्यात घालायला, आणि दुसऱ्या स्फुरदाच्या वस्तूत पाडला तो दुखणे थांबवायला. त्या कारागिराला यातले रसायन ठाऊक नव्हते, पण दोन्हींचा कठीणपणा जवळपास सारखा आहे हे त्याच्या मनगटाला नक्की कळले असणार. पिरोज्याचा कठीणपणा पाच ते सहा, अ‍ॅपटाइटचा पाच.

कठीणपणाचा हा हिशेब पुस्तकात वारंवार येतो. मण्याचा विचार करताना रंगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो तो दगड वेज घेतो की फुटतो. अकीक, कार्नेलियन ही गारेची भावंडे, कठीणपणा साताच्या आसपास. त्यांना विंधायला वेळ आणि कसब दोन्ही लागते, आणि आजही खंभातचा कारागीर त्यासाठी हिऱ्याचे टोक वापरतो. व्हॅरिसाइट जेमतेम साडेतीन ते साडेचार. घासायला सोपा, विंधायला सोपा, आणि म्हणूनच धातू हाती नसलेल्या माणसाला परवडणारा.

आता आपल्या मातीकडे. आपल्याकडे विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि शेवटी काळा पाषाण लागतो. मांजऱ्याच्या पोकळ्यांत कधी गारगोटी निघते, फोडली तर आत चमचमते. दख्खनच्या या खडकाला हिरव्याचे वावडे नाही. पुणे आणि जळगाव भागातला हिरवा अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत मानाने बसतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर आपल्या काळ्या दगडाच्या पोटात काय काय दडलेले असते ते पाहून थक्क व्हाल. पण हे सगळे सिलिकेट. खडकात स्फुरद आहे, पण अगदी थोडे, वजनात पाव टक्क्याच्या आसपास आणि बारीक कणांत विखुरलेले. पिरोजा होण्यासाठी रखरखीत प्रदेशात तांब्याचा खडक कुजावा लागतो, त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि स्फुरद एकत्र यावे लागते आणि वरून झिरपणाऱ्या थोड्याशा पाण्याने ते फटींत बसवावे लागते. तांब्याचा एक अणू, अ‍ॅल्युमिनियमचे सहा, फॉस्फेटचे चार गट आणि पाणी, असा तो मेळ. आपल्या लाव्हाने तो जमवला नाही.

जो हिरवा मिळाला, त्याचे आपल्या लोकांनी काय केले? अ‍ॅपोफिलाइट दिसतो सुंदर, पण एका दिशेने पापुद्र्यासारखा सुटतो, त्याचा मणी करणे म्हणजे बर्फीला भोक पाडणे. पोकळ्यांना आतून लिंपणारी सेलॅडोनाइट नावाची हिरवी माती तर नखाने निघते. ती मण्याच्या कामाची नाही, पण रंगाच्या कामाची आहे: अजिंठ्याच्या भिंतींवरचा हिरवा याच हिरव्या मातीचा. त्याच भिंतींवरचा निळा मात्र लाजवर्दाचा, आणि लाजवर्द आला बदख्शानाहून, आजच्या अफगाणिस्तानातून. हिरवा घरचा आणि निळा परमुलखातला, हे अजिंठ्याचे गणित मला पिरोज्याच्या वाटेवर फार उपयोगी पडले. रंगाची हौस असली की अंतर आड येत नाही, पण घरच्या खडकाने जे दिले त्यात भागत असेल तर उगाच कुणी लांब जातही नाही.

तेरला मी पहिल्यांदा गेलो तो गोरोबाकाकांच्या दर्शनाला. दुसऱ्यांदा गेलो तो मण्यांसाठी. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, तेरणेच्या काठावर, शेतांत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्या संग्रहातून तिथले शासकीय संग्रहालय उभे राहिले. हस्तिदंती बाहुली पाहायला लोक येतात, कारण तिची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. मी तिला नमस्कार करून मण्यांच्या कपाटापाशी गेलो आणि पाऊण तास तिथेच उभा राहिलो. कार्नेलियनचा तांबूस, अकीकाचे पट्टे, शंख, भाजलेली माती, काच. हिरवे मणीही होते. एक वाटाण्याएवढा, दोन्ही टोकांना चपटा, भोकाच्या कडेला बारीकसा टवका उडालेला. टवक्याच्या जागी प्रकाश आरपार जात होता आणि आत टाचणीच्या टोकाएवढे दोन बुडबुडे होते. दगडात असा बुडबुडा सहसा नसतो. तो काचेचा मणी होता, दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी हिरव्याची हौस भागवण्यासाठी ओतलेला.

होम मैदानावरच्या अंगठीचा राग माझ्या मनातून त्या दिवशी गेला. नकली हा शब्दही तिथे बरोबर वाटेना. काचेचा मणी कुणाची नक्कल करतो आहे हे ओतणाऱ्याला माहीत असेलच असे नाही. त्याला हिरवा हवा होता, त्याने हिरवा केला.

तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये ते येते: भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठे शहर. पैठणहून गाड्या भरभरून अकीकाच्या जातीचा दगड भडोचला उतरे, तगरहून साधे कापड आणि तलम वस्त्र. (सोलापूरकराने इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही, कापडाचा धंदा या पट्ट्याला नवा नाही.) त्याच ग्रंथात, सिंधूच्या मुखाजवळच्या बार्बरिकॉन बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत लाजवर्दाच्या शेजारी एक दगड येतो, ग्रीकमध्ये 'कल्लाइनोस'. बहुतेक अभ्यासक तो पिरोजाच मानतात. म्हणजे आपला दगड भडोचला उतरत होता आणि वायव्येचा पिरोजा सिंधूच्या मुखाशी, आणि दोन्ही त्याच समुद्रावरून पश्चिमेला जात होते.

इथून नावाची गंमत सुरू होते. त्याच शतकात रोममध्ये प्लिनी आपल्या ग्रंथाच्या ३७ व्या खंडात 'कल्लाइना' नावाच्या फिकट हिरव्या दगडाबद्दल लिहितो. हिंदुस्थानाच्या पलीकडच्या मुलखात मिळतो, सोन्यात बसवला की खुलतो, आणि तेल, उटणे किंवा मद्य लागले की रंग गमावतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात प्लिनी गेला, पण शब्द राहिला. पुढे १८६२ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, कार्नाकजवळ, मातीदगडांच्या एका प्रचंड ढिगाऱ्याखालच्या थडग्यात चकाकत्या दगडी कुऱ्हाडींबरोबर हिरवे मणी मिळाले. लगेचच जवळच्या दुसऱ्या थडग्यातही मिळाले. १८६४ मध्ये दामूर नावाच्या रसायनज्ञाने ते तपासले, अ‍ॅल्युमिनियमचे फॉस्फेट असल्याचे सांगितले आणि प्लिनीकडचा शब्द उचलून त्यांना 'कॅलाइस' म्हटले. आता हे मणी बहुतांशी व्हॅरिसाइटचे, आणि प्लिनीचा दगड बहुधा पिरोजा. शब्द एकाचा, बसला दुसऱ्यावर. व्हॅरिसाइटला स्वतःचे नाव तर त्याआधीच, १८३७ मध्ये, ब्राइटहाउप्ट या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दिले होते, जर्मनीतल्या फोग्टलांड भागाच्या जुन्या 'व्हॅरिस्किया' या नावावरून. तरी पुरातत्त्वात 'कॅलाइस' आजही चालतो. मला त्यात चूक वाटत नाही. थडग्यातला मणी कुठल्या खनिजाचा हे तपासल्याशिवाय सांगता येत नसेल, तर रंगाचे नाव वापरणे हेच प्रामाणिकपणाचे.

ब्रिटनीचे ते मणी आले कुठून, हे कोडे मात्र शंभराहून अधिक वर्षे सुटले नाही. फ्रान्समध्येच खाण असेल म्हणून शोधाशोध झाली. मण्याला धक्का न लावता त्यातली सूक्ष्म मूलद्रव्ये मोजता यायला लागली तेव्हा उत्तर दक्षिणेकडे निघाले: त्यांतले पुष्कळ मणी स्पेनच्या द्वीपकल्पातले. सहा हजार वर्षांपूर्वी, चाक आणि घोडा दोन्ही नसताना, वाटाण्याएवढे हिरवे दाणे बिस्केच्या उपसागराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचत होते.

या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण मी बार्सेलोनाजवळच्या गवा गावावर लिहिले आहे, आणि ते मोठे झाल्याबद्दल संपादकांची बोलणीही खाल्ली आहेत. कारण गवा ही नुसती मण्यांची जागा नव्हे, ती खाण आहे. १९७० च्या दशकात तिथे गावाच्या खालीच नवाश्मयुगातली भुयारे उघडी पडली, आजवर सापडलेल्या युरोपातल्या अतिप्राचीन भूमिगत खाणींपैकी एक. दगडी हत्यारांनी, हिरव्या शिरेचा माग काढत काढत माणसे जमिनीत उतरली होती. शीर वळली तिथे भुयार वळले, शीर संपली तिथे भुयार थांबले. रिकामी झालेली भुयारे वाया गेली नाहीत: काहींत टाकाऊ माल भरला, काहींत आपली माणसे पुरली. मण्याच्या जन्माच्या सगळ्या पायऱ्या तिथे मिळतात, नुसता फोडलेला तुकडा, कडा घासलेला, अर्धा वेज पडलेला, आणि वेज पडता पडता दुभंगलेला. त्या दुभंगलेल्यांचा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फुटलेल्या परीक्षानळ्यांचा डबा आठवला. १९९४ मध्ये त्याच खाणीतून भाजक्या मातीची एक गर्भवती स्त्रीमूर्ती निघाली, पोटावर दोन्ही हात ठेवलेली. व्हॅरिसाइटचा हिरवा आणि तिचे पोट यांचा एकमेकांशी काय संबंध यावर बरेच लिहिले गेले आहे, आणि त्यातले बरेचसे मला फार खात्रीने लिहिलेले वाटते.

खाण आली की इजिप्तही यायला हवे, सिनाईच्या सराबित अल-खादिमवरचे हाथोर देवीचे मंदिर आणि तिला दिलेले 'पिरोज्याची स्वामिनी' हे बिरुद. इराणचे निशापूरही हवे, अमेरिकेतले चाको खोरेही. ती सारी पुस्तकात आहेत, पण थोडक्यात, कारण त्यांवर इतरांनी भरपूर लिहिले आहे आणि वाचकाला ते सहज मिळते.

मिळत नाही ते आपल्या दाराशी असलेले. कलबुर्गी सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशहा (१३५८ ते १३७५) याला तेलंगणच्या राजाकडून एक सिंहासन भेट मिळाले, त्याचे नाव तख्त-ए-फिरोजा. नाव ऐकून वाटते, पिरोज्यांनी मढवलेले असणार. विजापुरात बसून इतिहास लिहिणारा फरिश्ता वेगळे सांगतो: शिसवीसारख्या काळ्या लाकडाचे, सोन्याचे पत्रे चढवलेले, आणि फिरोजा म्हणायचे कारण त्यावरची आकाशी मिनाकारी. पुढच्या सुलतानांनी त्यावर इतकी रत्ने जडवली की तो आकाशी रंगच झाकला गेला. पुढे तख्त मोडले गेले, नाव तेवढे इतिहासात उरले. बिदरला महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशावर आज उरलेल्या फरश्यांचा पिरोजी पाहिला की त्या तख्ताचा रंग कसा असेल याचा अंदाज येतो. ना तिथे दगड, ना इथे. दख्खनचा पिरोजी हा झिलईचा आणि मिन्याचा, आणि तरी आपण रंगाला नाव मात्र दगडाचेच देतो.

आता खऱ्या दगडाविषयी, कारण तो शेवटी माझ्या शेजारीच निघाला. आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या चाचींच्या बोटात चांदीची जाड अंगठी आहे, वडिलांनी हैदराबादहून आणलेली. दगड एके काळी आकाशी होता म्हणतात, मी पाहतो तेव्हापासून हिरवा आहे, कडेला तर शेवाळासारखा. मी भिंग घेऊन बसलो तेव्हा त्या हसायला लागल्या. "मास्तर, हा जिवंत दगड आहे. घरावर काही यायचं असलं की आपल्या अंगावर घेतो, म्हणून असा हिरवा पडलाय. धाकट्याच्या आजारपणात बघता बघता फिरला." मी म्हणालो, पिरोजा सच्छिद्र असतो चाची, तेल-पाणी-घाम पितो. तुम्ही नातवंडांना चोळायचं खोबरेल त्याच हातानं लावता. "तेच तर," त्या म्हणाल्या, "आजारपणात रात्रभर तेलच चोळत होते."

यावर मला काही बोलता आले नाही. प्लिनीने लिहिलेले तेल, चाचींचे खोबरेल आणि माझे रसायन एकाच ठिकाणी येऊन थांबले होते. दगडावर कापूस फिरवू का, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, ते गिळले. अंगठीची मागची बाजू उघडी आहे, तिथून दगडाचा खालचा भाग दिसतो. तेल पोचले नाही तिथे, नखाच्या कोरीएवढा, तो अजून आकाशी आहे.

वाचकाला एक सांगणे. पुस्तकात जिथे मी 'हिरवा मणी' एवढेच लिहिले आहे, तिथे तो मणी कुणी तपासलेला नाही असे समजावे. जिथे खनिजाचे नाव आहे, तिथे ते कुणीतरी मोजून ठरवले आहे. आपल्याकडच्या कपाटांत पहिल्या प्रकारचे मणी फार आहेत. त्यांतला एखादा स्फुरदाचा निघाला, तर तो इथे पायी आलेला असेल, आणि मला पुस्तकात आनंदाने एक प्रकरण वाढवावे लागेल.

सोलापूर
मकरसंक्रांत